साधा यूएसबी पॅड, फ्लाइटगियर आणि एक मोटारशर्यत : प्रकल्प नोंदी

६ जून २०२५, डिचोली

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराजवळील एका दुकानातून ४५० रुपयांना यूएसबीचा गेमपॅड आणला. खोक्यावर निर्मात्याचे नाव नाही, आत माहितीपत्रक नाही, आणि ‘विंडोज’ या शब्दापलीकडे कोणताही तपशील छापलेला नाही. कोणत्या खेळांना चालेल असे विचारल्यावर दुकानदाराने ‘खंयच्याय गेमाक चलता’ असे सांगून पुढच्या गिऱ्हाइकाकडे मोर्चा वळवला. नामांकित कंपनीचा पॅड याच्या दहापटीहून महाग पडला असता, आणि तेवढा खर्च करण्याआधी स्वस्तातल्या वस्तूकडून किती काम निघते हे पाहण्याचा माझा इरादा आहे.

पॅड दोन खेळांसाठी हवा आहे. पहिला माझा : फ्लाइटगियर हे मोफत आणि मुक्तस्रोत विमान-सिम्युलेटर, २०२०.३ मालिकेतील आवृत्ती. दुसरा शनिवार-रविवारी येणाऱ्या भाच्याचा : काही वर्षांपूर्वीची मोटारशर्यत. दोन्ही खेळ एकाच लॅपटॉपवर आहेत. लॅपटॉपची मेमरी आठ जीबी आणि प्रणाली ६४ बिटांची विंडोज १० आहे.

पॅड जोडल्यावर विंडोजने तो विनातक्रार ओळखला. डिव्हाइस मॅनेजरमधील हार्डवेअर ओळखीत व्हीआयडी (निर्मात्याचा क्रमांक) ००७९ आणि पीआयडी (उत्पादनाचा क्रमांक) ०००६ असे आकडे दिसतात. बाजारातले कितीतरी निनावी पॅड याच जोडीखाली विकले जातात. आपल्या पॅडविषयी काहीही शोधायचे असल्यास खोक्यावरच्या मजकुरापेक्षा हे दोन आकडे अधिक उपयोगी पडतात, म्हणून ते प्रथम लिहून ठेवावेत.

७ जून

गोव्यातील दाबोळी विमानतळाच्या धावपट्टीवर विमान उभे केले. सरावासाठी दाबोळी निवडण्याचे कारण व्यावहारिक आहे. तिची धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब असून फ्लाइटगियरमधले नेहमीचे सेस्ना १७२ हे छोटे विमान तीनेकशे मीटरमध्ये जमीन सोडते. म्हणजे एकाच धावपट्टीवर उड्डाण घेऊन, पुन्हा टेकवून, उरलेल्या लांबीत ब्रेकही तपासता येतात.

पहिल्या चाचणीत पॅडवरची डावी स्टिक, म्हणजे अंगठ्याने फिरवायची छोटी दांडी, किंचित हलवली तरी विमान एकदम पूर्ण कलंडत होते. मधली स्थिती नव्हतीच. फ्लाइटगियरमधील संवेदनशीलतेच्या आकड्यांशी बराच वेळ झटापट केल्यावर लक्ष गेले ते पॅडच्या मधोमध असलेल्या ‘अ‍ॅनालॉग’ बटणाकडे. त्यावरचा लाल दिवा विझलेला होता. दिवा विझलेला असताना हा पॅड डाव्या स्टिकला दिशाबटणांसारखे वागवतो, म्हणजे स्टिककडून डावे टोक, मध्य आणि उजवे टोक एवढ्या तीनच स्थिती संगणकाकडे जातात. बटण दाबून दिवा लावताच शून्यापासून २५५पर्यंतच्या सगळ्या पायऱ्या मिळू लागल्या.

हे बटण पुढेही त्रास देणार आहे, कारण केबल काढून घातली किंवा लॅपटॉप झोपून उठला की दिवा पुन्हा विझतो. पावसाळा सुरू झाल्यापासून आमच्याकडे वीज येते-जाते, लॅपटॉपची बॅटरी थकलेली आहे, आणि त्यामुळे यंत्र बंद पडण्याचे प्रसंग वरचेवर येतात. विमान बिघडल्यासारखे वागले तर इतर काही तपासण्याआधी दिवा पाहावा.

११ जून

विंडोजच्या रन चौकटीत ‘जॉय.सीपीएल’ लिहिले की गेम कंट्रोलरांची जुनी खिडकी उघडते. तिच्यात स्टिकची हालचाल आणि बटणे तपासता येतात. तिथल्याच कॅलिब्रेशनची, म्हणजे स्टिकचा मध्य आणि टोके संगणकाला शिकवण्याची, पायरी पूर्ण केली आणि परिस्थिती आधीपेक्षा वाईट झाली. उजवीकडे स्टिक पूर्ण नेली तरी खिडकीतले चिन्ह कडेपर्यंत पोहोचेना.

कॅलिब्रेशन चालू असताना दिवा विझलेला होता, त्यामुळे विंडोजने चुकीच्या मर्यादा जपून ठेवल्या होत्या. या मर्यादा पॅडमध्ये नव्हे तर संगणकात साठवल्या जातात, म्हणून पॅड काढून दुसऱ्या पोर्टात घालण्याने खात्रीचा इलाज होत नाही. ‘रीसेट टू डीफॉल्ट’ दाबल्यावर सर्व पूर्ववत झाले. साधा पॅड मुळात ठीक असेल तर कॅलिब्रेशनच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत झाले आहे.

१५ जून

आजचा वेळ सर्वाधिक खर्च झाला, आणि ज्यांना फ्लाइटगियरवर निनावी पॅड वापरायचा आहे त्यांचाही बहुधा इथेच होईल.

फ्लाइटगियरमध्ये प्रत्येक जॉयस्टिकसाठी एक एक्सएमएल फाइल, म्हणजे ठरावीक खुणांत लिहिलेली मजकूर-फाइल, असते. तिच्यात स्टिकचा कोणता अक्ष (आडवी किंवा उभी दिशा) एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) हलवतो, कोणता एलिव्हेटर (नाक वरखाली करणारी शेपटीची पट्टी), कोणते बटण ब्रेक लावते वगैरे लिहिलेले असते. फाइलीच्या सुरुवातीला उपकरणाचे नाव असते. जोडलेल्या उपकरणाने सांगितलेले नाव त्या नावाशी तंतोतंत जुळले तरच ती फाइल लागू होते, अन्यथा कार्यक्रम निमूटपणे सर्वसाधारण जॉयस्टिकसाठीची मूळ फाइल वापरतो. मी दुसऱ्या एका पॅडची फाइल उचलून तिच्यात ‘जेनेरिक यूएसबी जॉयस्टिक’ हे नाव इंग्रजीत टाइप केले, अक्ष बदलले, कार्यक्रम पुन्हा चालू केला. काही बदलले नाही. पुन्हा आकडे बदलले. तरीही उजवी स्टिक थ्रॉटलच, म्हणजे इंजिनाची शक्ती कमीजास्त करणारा दांडा, हलवीत राहिली. फाइलीत थ्रॉटलचा उल्लेखच नव्हता, तेव्हा फाइल वाचलीच जात नाही हे उघड झाले.

कार्यक्रमात चालू मूल्ये पाहण्यासाठी प्रॉपर्टी ब्राउझर आहे. त्यात इनपुट, मग जॉयस्टिक्स आणि त्याखाली पहिल्या उपकरणाची आयडी असा मार्ग काढत गेल्यावर पॅडने सांगितलेले खरे नाव मिळते. ते नाव तिथून जसेच्या तसे उचलून माझ्या नावाखाली ठेवले, तेव्हा फरक डोळ्यांना दिसला. पहिल्या आणि दुसऱ्या शब्दांमध्ये एकाऐवजी तीन मोकळ्या जागा होत्या, आणि दुसऱ्या व तिसऱ्या शब्दांमध्ये दोन. ज्या कोणी या पॅडची चिप तयार केली त्याने नाव असेच भरले आहे, आणि पडद्यावर वाचताना माणसाची नजर त्या जागा सहज गिळून टाकते. उचललेले नाव फाइलीत चिकटवल्यावर सगळे अक्ष सांगितल्याप्रमाणे चालू लागले.

फाइल हाताने लिहायची नसेल तर फाइल मेनूत ‘जॉयस्टिक कॉन्फिगरेशन’ ही खिडकी आहे. ती योग्य नावासह फाइल स्वतःच तयार करते. सुरुवात तिथून करून पुढचे बारकावे हाताने सुधारणे हा सोयीचा मार्ग ठरेल. तयार झालेली फाइल वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमधील फ्लाइटगियरच्या जागेत जाते. हाताने केलेली फाइलही तिथेच ठेवावी, कारण मूळ स्थापनेच्या फोल्डरात ठेवलेले बदल नवी आवृत्ती बसवताना पुसले जातात.

आणखी एक खाचखळगा : विंडोजच्या खिडकीत बटणांची मोजणी एकपासून होते आणि फ्लाइटगियरच्या फाइलीत शून्यापासून. मी ब्रेक पाचव्या बटणावर ठेवला तेव्हा तो सहाव्यावर उमटला तो यामुळेच. शिवाय दुसऱ्या संगणकप्रणालीसाठी लिहिलेली फाइल मिळाली तर तिच्यातले अक्षांचे क्रमांक विंडोजवर वेगळे असू शकतात. चांगल्या फाइलींमध्ये म्हणूनच प्रत्येक प्रणालीचा क्रमांक स्वतंत्र दिलेला असतो.

२१ जून

ब्रेक एकदा लागला की सुटत नव्हता. बटण दाबल्यावर काय करायचे ते लिहिले होते, सोडल्यावर काय करायचे ते नव्हते. त्यासाठी फाइलीत ‘मॉड-अप’ नावाचा वेगळा भाग लागतो. तो घातला आणि काम झाले.

२८ जून

थ्रॉटलचा प्रश्न. खऱ्या थ्रॉटलचा दांडा जिथे सोडावा तिथे राहतो, पॅडची स्टिक मात्र स्प्रिंगमुळे मध्यावर परत येते. थ्रॉटल उजव्या स्टिकवर उभा ठेवला असता अंगठा काढला की इंजिन निम्म्या शक्तीवर येते, मग विमान चढत असो वा उतरत असो. उतरताना विमान जमिनीपासून हातभर वर असताना अंगठा निसटला, इंजिन पुन्हा गुरगुरले, आणि विमान उरलेल्या धावपट्टीवरून तरंगत समुद्राकडे निघाले. दाबोळीची धावपट्टी २६ पश्चिमेला समुद्राच्या दिशेने जाते, तेव्हा निदान घरे तरी वाचली.

उपाय म्हणून थ्रॉटल खांद्यावरच्या दोन बटणांवर नेला : एकाने वाढतो, दुसऱ्याने कमी होतो, आणि सोडला की तिथेच राहतो. बटण दाबून धरल्यावर क्रिया पुन्हा पुन्हा घडावी असे फाइलीत सांगता येते, परंतु मध्ये किती अंतर असावे हे सांगितले नाही तर ती प्रत्येक चित्रचौकटीला घडते. त्यामुळे उंचावर, जिथे माझा लॅपटॉप भराभर चित्रे काढतो, तिथे थ्रॉटल झरकन वाढे, आणि पणजीच्या वर चित्र अडखळू लागले की तोही रेंगाळे. प्रत्येक पुनरावृत्तीत ०.१ सेकंदाचे अंतर आणि ०.०५ची पायरी ठेवल्यावर दोन्हीकडे सारखा वेग मिळाला. मूल्य शून्य आणि एक यांच्याबाहेर जाऊ नये म्हणून किमान व कमाल मर्यादाही त्याच ठिकाणी द्यावी.

रिकामी झालेली उजवी स्टिक आडव्या दिशेने रडरला, म्हणजे नाक डावीउजवीकडे वळवणाऱ्या शेपटीच्या पट्टीला, दिली. तिची उभी दिशा सध्या मोकळी आहे.

५ जुलै

विमान सतत डावीकडे ओढते. पॅडच्या स्टिकचा मध्य सरकला असणार असे गृहीत धरून थेट पॅड उघडण्याच्या बेतात होतो. पण स्टिकला हात न लावता प्रॉपर्टी ब्राउझरमध्ये एलेरॉनचे मूल्य पाहिले तर ते −०.०६ होते. शून्य नव्हे हे खरे, पण एवढ्याने विमान इतके ओढणार नाही. म्हणजे कारणे एकाहून अधिक होती, आणि ती एकेक करून वेगळी काढावी लागली.

पहिले कारण हवामानाचे. कार्यक्रमात ‘लाइव्ह’ हवामान चालू होते, म्हणजे जवळच्या विमानतळाच्या निरीक्षणांनुसार वारा येत होता, आणि बाहेर नैर्ऋत्य मोसमी वारा भरात आहे. पॅडची चाचणी करताना वारा बंदच हवा. दुसरे कारण विमानाचे स्वतःचे आहे. एका इंजिनाचे पंख्याचे विमान पूर्ण शक्तीवर असताना डावीकडे वळू पाहते, खरा वैमानिक उजवा रडर देऊन ते सावरतो, आणि सिम्युलेटर हे प्रामाणिकपणे दाखवतो. पॅडला त्याचा दोष नाही. या दोन्ही गोष्टी वजा केल्यावर जे उरले तेवढेच पॅडचे : ते −०.०६.

पॅडच्या भाषेत सांगायचे तर मध्याला १२७ यायला हवे तिथे ११९च्या आसपास येत होते. मागचे स्क्रू काढून आतील स्टिकच्या बाजूच्या छोट्या डब्या पाहिल्या. स्टिकची स्थिती मोजणारे फिरते रोध, म्हणजे पोटेन्शिओमीटर, त्या डब्यांत असतात. नव्या पॅडमध्येही तिथे तेलकट थर होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडून स्टिक गोल गोल फिरवली आणि पूर्ण वाळू दिले. सध्याच्या दमट हवेत वाळायला रात्रभर ठेवणे शहाणपणाचे. बाटलीला १५० रुपये पडले. मूल्य −०.०२वर आले. उरलेल्यासाठी फाइलीत त्या अक्षाला ०.०४चा ‘डेड-बँड’ दिला, म्हणजे मध्याजवळची तेवढी हालचाल मोजलीच जात नाही. सफाई न करता थेट ०.०८ देऊनही ओढ थांबली असती, पण मग मध्याजवळचा नाजूक भाग मेला असता, आणि विमान सरळ ठेवण्याचे सगळे काम त्याच भागात चालते.

त्याच कारणासाठी एलेरॉन आणि एलिव्हेटर दोन्हींना वर्गाचा वक्र दिला. पॅडच्या एका अक्षाला २५६च पायऱ्या असतात. सरळ प्रमाणात वापरल्या तर एक पायरी म्हणजे पूर्ण हालचालीच्या एका बाजूचा सव्वाशेवा भाग, आणि छोट्या विमानाचे नाक तेवढ्यानेही वरखाली होते. मूल्याचा वर्ग घेतला की मध्याजवळ पायऱ्या बारीक होतात आणि टोकाला मोठ्या. फाइलीत यासाठी ‘पॉवर’ या खुणेत २ हा आकडा पुरतो, दिशा कार्यक्रम स्वतः सांभाळतो. एलिव्हेटरला गुणक उणे एक द्यावा लागतो, नाहीतर स्टिक ओढल्यावर नाक खाली जाते.

१२ जुलै

भाचा आला. ‘मामा, माझ्या गेममध्ये पॅड दिसतच नाही,’ ही त्याची तक्रार रास्त होती. हे दोन खेळ पॅडकडे वेगवेगळ्या वाटांनी पाहतात. फ्लाइटगियर पॅडचे कच्चे अक्ष आणि बटणे जुन्या पद्धतीने वाचतो. मोटारशर्यत फक्त एक्सइनपुट ओळखते, म्हणजे २००५ साली एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्राबरोबर आलेली पद्धत, जिच्यात पॅडची रचना ठरलेली असते आणि एका वेळी चारच पॅड चालतात. काही स्वस्त पॅडवर मधले बटण काही सेकंद दाबून धरले की ते स्वतःच एक्सइनपुटमध्ये जातात. आमच्या पॅडला ती सोय नाही.

म्हणून एक्स३६०सीई हा नकली एक्सबॉक्स पॅड निर्माण करणारा मोफत कार्यक्रम घेतला, तोही नवीन म्हणून चौथी आवृत्ती. ती व्हायजेमबस नावाच्या ड्रायव्हरच्या आधारे संगणकात एक आभासी पॅड उभा करते. मोटारशर्यत लगेच चालू लागली. खबरदारी म्हणून खरा पॅड खेळांपासून लपवणारा हिडहाइड हा कार्यक्रमही बसवला. भाचा खूश होऊन संध्याकाळच्या कदंब बसने परत गेला.

१३ जुलै

आज फ्लाइटगियरमधून पॅड नाहीसा झालेला होता. हिडहाइडने तो सर्वांपासूनच लपवला होता. त्याच्या परवानगीच्या यादीत फ्लाइटगियर घातल्यावर पॅड दिसू लागला खरा, पण आता कार्यक्रमाला दोन पॅड दिसत होते : खरा आणि आभासी. आभासी पॅडचे नाव एक्सबॉक्सचे असल्यामुळे फ्लाइटगियरबरोबर आलेली तयार फाइल त्याला आपोआप लागू झाली. परिणामी एका अंगठ्याच्या हालचालीवर दोन फाइली एकाच एलेरॉनला आपापले मूल्य देत होत्या. त्यातल्या एकीत माझा वक्र होता, दुसरीत नव्हता, आणि विमान थरथरत होते. एक्स३६०सीई बंद केल्यावर आभासी पॅड गेला आणि थरथर थांबली. दर वेळी उडण्याआधी ते आठवणीने बंद करायचे, आणि भाच्याने आठवणीने चालू करायचे, ही व्यवस्था दोन शनिवारही टिकणार नाही.

२ ऑगस्ट

चौथी आवृत्ती, व्हायजेमबस आणि हिडहाइड तिन्ही काढून टाकले, संगणक पुन्हा चालू केला, आणि एक्स३६०सीईची जुनी तिसरी आवृत्ती घेतली. तिची पद्धत निराळी आहे. ती ड्रायव्हर बसवत नाही, तर खेळाच्या स्वतःच्या फोल्डरात एक्सइनपुटची एक पर्यायी डीएलएल फाइल (कार्यक्रम चालताना वापरतो तो जोडभाग) आणि तिच्यासोबत जुळणीची आयएनआय फाइल ठेवते. त्या फोल्डरातल्या खेळापुरताच पॅड एक्सबॉक्सचा भासतो, आणि बाकी संगणकाला, अर्थात फ्लाइटगियरलाही, तो जसा आहे तसाच दिसतो. एका लॅपटॉपवर दोन प्रकारचे खेळ असतील तर माझ्या मते हीच पद्धत बरी, जरी ती जुनी असली तरी.

तिचीही अडचण आहे. पहिल्यांदा ६४ बिटांची डीएलएल ठेवली तेव्हा खेळ सुरूच होईना. टास्क मॅनेजरमध्ये तपशिलांच्या पानावर ‘प्लॅटफॉर्म’ हा रकाना जोडला की चालू कार्यक्रम ३२ बिटांचा आहे की ६४चा ते कळते. त्यासाठी डीएलएल काढून खेळ एकदा नुसता चालवला. तो ३२ बिटांचा निघाला. प्रणाली ६४ बिटांची आहे याचा येथे काही संबंध नाही, डीएलएल खेळाच्या बिटांशी जुळायला हवी. खेळ १_३ या आवृत्तीच्या नावाची फाइल मागतो की ९_१_० या नावाची, हेही पाहावे लागते, चुकीच्या नावाची फाइल खेळ शांतपणे दुर्लक्षितो. डीएलएल फाइली सुट्या देणाऱ्या भलत्यासलत्या संकेतस्थळांवरून काही उतरवू नये. आणि परस्परांशी ऑनलाइन खेळण्याच्या खेळात अशी फाइल ठेवली तर फसवणूक शोधणारी यंत्रणा तिच्यावर आक्षेप घेऊ शकते. भाचा एकटाच शर्यत खेळतो, म्हणून आम्ही ती वापरली.

शेवटची तक्रार वेगाची. या पॅडची खालची दोन खांदाबटणे फक्त चालू-बंद आहेत, एक्सबॉक्सच्या ट्रिगरसारखी हळूहळू दाबता येणारी नाहीत, म्हणून गाडी एकतर उभी किंवा सुसाट. एक्स३६०सीईत उजव्या स्टिकचा वरचा अर्धा अक्ष अ‍ॅक्सिलरेटरच्या ट्रिगरला आणि खालचा अर्धा ब्रेकला जोडला. इथे स्टिक सोडल्यावर शून्यावर येणे हेच हवे असते, म्हणून विमानात अडचण ठरलेली स्प्रिंग गाडीत उपयोगी पडली. भाच्याला वळणावर थोडा वेग कमी करणे आता जमते.

आतापर्यंतचा खर्च ६०० रुपये, सगळी सॉफ्टवेअर मोफत. पॅडमधील कंपनाच्या मोटारी दोन्ही खेळांत गप्पच आहेत. फ्लाइटगियरमध्ये त्यांची मला गरज वाटत नाही. भाच्याला हव्या आहेत, पण त्यासाठी या पॅडचा वेगळा ड्रायव्हर शोधून बसवावा लागेल आणि चालू घडी विस्कटेल, म्हणून तो विषय चवथीच्या सुट्टीपर्यंत बाजूला ठेवला आहे. फ्लाइटगियरची एक्सएमएल आणि शर्यतीची आयएनआय अशा दोन्ही फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर घेतली आहे.